पासंग

आमच्या घरात वजनकाटा आला तो टेनिसच्या रॅकेटीमुळे, हे सांगितले तर कोणाला खरे वाटत नाही. स्वयंपाकघरात तो कधी लागलाच नव्हता. सौभाग्यवतींची मूठ आणि चिमूट यांत आजवर कोणी खोट काढलेली नाही. निदान माझी तरी छाती झालेली नाही.

त्याचे असे झाले. आमची कन्या टेनिस खेळते. सामन्यात तार तुटली तर लगेच दुसरी रॅकेट हवी, म्हणून तिच्याजवळ एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन रॅकेटी आहेत. एका उपांत्य सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये तार तुटली, तिने दुसरी रॅकेट उचलली आणि पाहता पाहता सामना हातचा गेला. परतताना रिक्षात ती म्हणाली, "बाबा, ती दुसरी जड आहे हो."

दोन्हींवर ३०० ग्रॅम असे छापलेले मी स्वतः वाचले होते. मराठीच्या प्राध्यापकाला अशा वेळी नेमकी म्हण आठवते. "नाचता येईना, अंगण वाकडे," मी म्हणालो.

ती रस्त्याकडे पाहत राहिली. त्यानंतर आठवडाभर तिने त्या रॅकेटीचे नाव काढले नाही, आणि तिला हातही लावला नाही. मुले भांडतात तोवर बापाला काळजी नसते. ती गप्प बसली की मात्र घास गोड लागत नाही. तेव्हा ठरवले, एकदा तोलूनच पाहू.

घरात माणसांचा काटा होता. त्याने रॅकेटीकडे ढुंकूनही पाहिले नाही. प्रवासाच्या बॅगा टांगून तोलण्याचा हातकाटा शेजाऱ्यांकडून आणला. तो दहा-दहा ग्रॅमच्या उड्या मारी. एकाच रॅकेटीला एकदा ३२० म्हणाला, एकदा ३३०. शेवटी रविवार पेठ गाठली.

"काय तोलायचंय सर, सोनं का साखर?" दुकानदाराने विचारले.

"रॅकेट."

पुण्याच्या दुकानदाराला कशाचेच आश्चर्य वाटत नाही. त्याने आधी सोनाराच्या कामाचा एक छोटा काटा दाखवला. तो एका ग्रॅमचे शंभर भाग करत होता. मी हरखलो. पण त्याची मर्यादा २०० ग्रॅमची! रॅकेट ठेवताच बिचारा घाबरून जाणार. मग पाच किलोपर्यंतचा, एकेका ग्रॅमने सरकणारा साधा स्वयंपाकघरातला काटा मी घेतला. किती पेलतो याच्याइतकेच किती बारीक पावलाने सरकतो, हे पाहायचे असते. मात्र फार बारीक पाऊलही कामाचे नाही. तेवढी तालेवारी रॅकेटीला लागत नाही.

मनातून मला वाटत होते, चार-दोन ग्रॅमचे ते काय? १९५८ साली दशमान वजने आली, तरी मंडईत आपण अजून पावशेरच मागतो. जुना पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा, आणि हल्ली त्या नावाखाली मिळतात २५०. त्या फरकात एका रॅकेटीची सगळी जाळी बसेल. पण पिशवी धरणाऱ्या हाताला त्याचा पत्ता नसतो.

काटा खरा बोलतो की नाही, ते आधी पाहिले. २०११ च्या मालिकेतले पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे असते. अशी दहा नाणी ठेवली, ६० आले. रॅकेट आडवी ठेवताच तिच्याखाली आकडे झाकून गेले, म्हणून मध्ये एक वाटी पालथी घातली, बटण दाबून तिचे वजन शून्य करून घेतले आणि पंखा बंद केला. सौभाग्यवती दारात उभ्या राहून हा यज्ञ पाहत होत्या.

एक रॅकेट ३१८. दुसरी, तीच ती, ३२५.

छापलेला आकडा जाळीशिवायचा असतो, आणि कारखान्यातून एकाच नावाच्या रॅकेटी काही ग्रॅमच्या फरकाने बाहेर पडतात, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मला फक्त रिक्षा आठवली.

प्रायश्चित्त म्हणून हलक्या रॅकेटीच्या मुठीवर आणखी एक ग्रिप आणि चिकटपट्टीचे वेढे देऊन मी सात ग्रॅम भरून काढले. दोन्ही ३२५! विजयी मुद्रेने कन्येच्या हातात दिल्या. तिने दोन-चार हात फिरवले आणि संकोचून म्हणाली, "बाबा, आता तर जास्तच वेगळ्या लागतात."

आता म्हण आठवली नाही. पट्टीची कड उभी धरून तिच्यावर रॅकेट आडवी तोलली आणि मुठीच्या बुडापासून समतोलाची जागा मोजली. जड रॅकेटीची ३३ सेंटिमीटरवर. हलकीची मुळात साडेबत्तीसवर असणारी जागा माझ्या दुरुस्तीने ३२ वर आली होती. वजन सारखे केले आणि तोल बिघडवला! जड रॅकेटीचे जास्तीचे वजन डोक्याकडे होते; मी ते हलकीच्या मुठीत घातले होते. पिशवीतले सात ग्रॅम आणि हातभर लांब दांड्याच्या टोकाकडचे सात ग्रॅम एक नव्हेत.

तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला खडा नाहीतर चिंधी बांधतात, तो पासंग. 'पासंगालाही पुरायचा नाही' हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. पासंग बांधण्याची पाळी आता आली. कागदावर त्रैराशिक मांडले. सात ग्रॅम बुडापासून छप्पन्न सेंटिमीटरच्या आसपास हवे होते, म्हणजे जाळीच्या मध्याच्या किंचित वर. मुठीवरचे वेढे सोडले. टेनिसवाले चिकट शिशाची पट्टी वापरतात. तिचे दोन तुकडे तोलून कापले, कडेला दोन्ही बाजूंना लावले आणि हात साबणाने धुतले.

कन्येला डोळे मिटायला सांगून मी रॅकेटी आलटून पालटून तिच्या हातात दिल्या. ती बराच वेळ फिरवत राहिली.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

"मी ती म्हण मागे घेतो."

"कुठली?" तिने डोळे उघडले. मग हसली. "असू दे बाबा. अंगण सातच ग्रॅम वाकडं होतं."

काटा सध्या स्वयंपाकघरात असतो. चकलीच्या भाजणीचे प्रमाण सौभाग्यवतींनी त्यावर तपासले आणि आपली मूठ बरोबर असल्याचे जाहीर केले. रॅकेटीचे गटिंग करून आणले की मी तो तासाभरासाठी मागून घेतो.