जेनची गोष्ट लेकीला सांग

चि. सोनू,


मॉर्मन पंथाचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचल्याच्या आठवणीत निघणाऱ्या २४ जुलैच्या मिरवणुकीचं वर्णन तुझ्या पत्रात वाचलं. शेजारीपाजारी बैलगाड्यांतून आलेल्या आपल्या पूर्वजांच्या हकिकती सांगतात आणि तुझी लेक विचारते, ‘यांतलं आपलं कोण?’ आपलं कुणी नाही. पण त्याच वाटेनं आलेल्या जेन मॅनिंग जेम्सची गोष्ट तिला जरूर सांग.

जेन कनेक्टिकटची, कृष्णवर्णीय, पण जन्मापासून स्वतंत्र. तरुणपणी ती मॉर्मन झाली आणि १८४३ मध्ये आई-भावंडांसह इलिनॉयमधल्या नॉवूला निघाली. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ तिथे राहत होता. बफेलोला त्यांना पुढच्या बोटीत घेतलं नाही, म्हणून सगळे पायी निघाले. आठशे मैल! जोडे झिजून गेले, तळवे फुटले, जमिनीवर रक्ताची पावलं उमटू लागली. पिओरियात अधिकाऱ्यांनी दरडावलं, गुलामीतून सुटल्याचे कागद दाखवा, नाहीतर तुरुंगात टाकू. जी कधी गुलाम नव्हतीच, तिच्याजवळ असले कागद कुठून असणार? नॉवूत पोचली तेव्हा तिची कपड्यांची पेटीही हरवली होती. जोसेफ आणि त्याची बायको एमा यांनी तिला घरी ठेवून घेतलं, धुण्याचं काम दिलं.

१८४४ मध्ये जमावानं जोसेफला ठार मारलं. मॉर्मन पश्चिमेकडे सरकले आणि १८४७ च्या शरदात जेन नवरा-मुलांसह सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली. सुरुवातीची वर्षं उपासमारीची. १८४९ मध्ये एलायझा लायमन या शेजारणीच्या घरात पीठ उरलं नव्हतं, नवरा कॅलिफोर्नियाला निघालेला. जेननं तिला दोन पौंड पीठ दिलं. एलायझानं रोजनिशीत लिहून ठेवलंय, की जेनजवळ होतं त्यातलं ते जवळजवळ निम्मं होतं.

या पिठाचं आणि त्या पायपिटीचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र तिची पत्रं जास्त मोलाची वाटतात. मॉर्मन श्रद्धेप्रमाणे मंदिरातले काही विधी झाल्याशिवाय परलोकात कुटुंब एकत्र राहत नाही, आणि कृष्णवर्णीयांना ते विधी बंद होते. १८८४ पासून जेन पंथाच्या प्रमुखांना हे विधी मागत राहिली. एमानं एकदा तिला मुलगी म्हणून जोडून घेण्याची तयारी दाखवली होती. त्याचीही तिनं आठवण दिली. अखेर १८९४ मध्ये एक विधी झाला, पण तो तिला जोसेफची ‘सेविका’ म्हणून कायमची जोडणारा! त्या विधीसाठी तिला मंदिराच्या आतही येऊ दिलं नाही. तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली. ऐन म्हातारपणी हा अपमान. तरी तिनं मागणं सोडलं नाही.

१९०८ मध्ये ती वारली. अंत्यविधीला पंथाचे अध्यक्ष स्वतः बोलले. ज्या मागणीला नकार दिला होता, ती करणाऱ्या बाईचं त्यांनी गुणगान केलं. कृष्णवर्णीयांवरची ती बंदी उठली १९७८ मध्ये.

लेक नक्की विचारेल, ‘मग ती तो पंथ सोडून का गेली नाही?’ माझ्या मते जेनला तो धर्म स्वतःचा वाटत होता. चालून मिळवलेला. आपल्या घरातून आपण का निघावं, असंच तिला वाटलं असणार. ती मुकाट सोसणारी नव्हती, हक्कानं मागणारी होती, एवढं मात्र लेकीला नीट समजावून सांग. तिचं काय म्हणणं पडतं, ते मला सविस्तर कळव.

तुझी,
मावशी