मधला दुवा

पत्रकारितेच्या मुलांना मी संख्याशास्त्र शिकवते. त्यांच्याकडून हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, मिडिएशन लावायचंय." फोडणीत हिंग टाकायचा राहिलाय, अशा सुरात.

मध्ये पीएचडी करणारी एक मुलगी आली. साताऱ्याकडच्या कॉलेजांमधून तिने प्रश्नावल्या भरून आणल्या होत्या. तिचं म्हणणं असं: मुलं बातम्या वाचतात, त्यावर कट्ट्यावर बोलतात आणि त्या बोलण्यातून राजकारणात भाग घेऊ लागतात. चर्चा हा मधला दुवा; तो तपासणं म्हणजेच मिडिएशन. लॅपटॉपवर एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर होतं, त्यात मिडिएशन तपासणारं अँड्र्यू हेज यांचं 'प्रोसेस'. चार नंबरचं मॉडेल निवडून तिने तिन्ही चलं आपापल्या खान्यांत टाकली. तिच्याच नमुन्यातून पुन्हापुन्हा उचलून 5000 नमुने तयार झाले, प्रत्येकात वाचनाकडून चर्चेकडे आणि चर्चेकडून सहभागाकडे जाणाऱ्या दोन्ही बाणांच्या गुणांकांचा गुणाकार झाला आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल समोर आला. दोन्ही टोकं शून्याच्या वर, म्हणजे दुवा सापडला. पोरगी खूश.

आमच्या वेळी हे सुख नव्हतं. बॅरन आणि केनी यांच्या 1986च्या लेखातल्या पायऱ्या एकेक करून चढायच्या. वाचन आणि सहभाग यांच्यात सरळ नातं दिसलं नाही, तर पहिल्याच पायरीवर गाडी अडायची. ही अट नको, हे हेज यांनी 2009 साली ठासून मांडलं, ते बरंच झालं. पण अडायचो तेव्हा निदान विचार तरी करायचो.

मी म्हटलं, "आता चर्चा पहिल्या खान्यात टाक, वाचन मधल्या." म्हणजे कट्ट्यावर आपण मागे पडू नये म्हणून मुलगा पेपर उघडतो. यातही न पटण्यासारखं काही नाही. तिने मॉडेल चालवलं. इंटरव्हल पुन्हा शून्याच्या वरच.

"मग खरं कुठलं?"

"ते या सॉफ्टवेअरला विचारून कळायचं नाही." तिन्ही उत्तरं एकाच बैठकीत, एकाच कागदावर घेतलेली. आधी काय घडलं नि नंतर काय, हे आकड्यांत येणार कुठून?

त्यासाठी तीच माणसं पुन्हा गाठावी लागतात. समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 1940च्या अमेरिकी निवडणुकीत ओहायोतल्या ईरी काउंटीत तीच 600 माणसं महिन्या-महिन्याने गाठली होती. माध्यमांचा प्रभाव मोजायला गेले आणि लोक एकमेकांच्या बोलण्याने हलतात हे त्यांच्या हाती लागलं. माध्यमांकडून काही माणसांकडे आणि त्यांच्याकडून इतरांकडे, या द्विपायरी प्रवाहाची कल्पना तिथून आली. त्यात मधला दुवा म्हणजे चालतंबोलतं दुसरं माणूस. हिच्या तक्त्यात तो त्याच मुलाच्या ओळीतला एक रकाना. माझ्या मते खरा प्रश्न इथे होता, पण तिच्या सिद्धान्ताच्या प्रकरणात त्यावर अवाक्षर नव्हतं.

गाईड कुरकुरले, तरी तिने त्याच मुलांकडे दुसरी फेरी करायचं ठरवलं. प्रश्नावलीत एक खुला प्रश्न घातला: राजकारणावर शेवटचं कुणाशी बोललात, विषय कुणी काढला? चाचणीसाठी भरून घेतलेला पहिला कागद तिने मला दाखवला. लिहिलं होतं, "चुलत्यांनी. पेपर त्यांच्याच हातात होता."