ज्ञानेश्वर : ३० बाइट

'ज्ञानेश्वर' हे नाव चार अक्षरी, असं शाळकरी पोरही सांगेल. संगणकाच्या हिशेबात ते दहा घरांचं आहे: ज, पाय मोडायची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पाय मोडायची खूण, व आणि र. यूटीएफ-८ पद्धतीत यातल्या प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे झाले ३०. रोमन लिपीत हेच नाव ११ बाइटांत उरकतं. ज्याने नावाच्या रकान्याला ३० बाइट ठेवले, त्याने आडनावाची सोय केलेलीच नाही. मजकूर बाइट मोजून तोडला आणि तीनांतला एखादा पलीकडे राहिला, की काळ्या शंकरपाळ्यात प्रश्नचिन्ह उमटतं.

मराठीवर हा अन्याय आहे, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ही पद्धत आखली, तेव्हा जुन्या इंग्रजी फायली एका बाइटाचाही बदल न करता चालाव्यात, ही अट होती. त्यातली खरी हुशारी वेगळीच आहे. कुठलाही बाइट उचला, तो अक्षराचा पहिला की मागून आलेला, हे त्याच्याकडे पाहूनच कळतं. त्यामुळे एक बाइट सांडला तर एक अक्षर जातं, पुढचा परिच्छेद शाबूत राहतो. आणि एक गंमत: पहिली वेलांटी म्हणजे २२४, १६४, १९१, दुसरी म्हणजे २२४, १६५, १२८. शेजारशेजारची घरं, पण मधला आकडा नेमका तिथेच बदलतो. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणाऱ्या मुद्रितशोधकांना हे मी आवर्जून सांगतो.

माझं पोट मात्र त्याआधीच्या फायलींवर चालतं. प्रकाशकांकडे जुन्या डीटीपीच्या जमान्यातली पुस्तकं पडून असतात, ती युनिकोडमध्ये आणून द्यायची. त्या फायलींत मराठी मुळी नसतंच. असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढतो. फॉन्ट हरवला की उरतो नुसता कचरा. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी.

'आर्थिक' हा शब्द घ्या. डोळ्याला वेलांटी थ च्या डावीकडे दिसते आणि रफार डोक्यावर. म्हणून जुन्या फाइलीत क्रम असा: आ, वेलांटी, थ, रफार, क. युनिकोडला हवं ते असं: आ, र, पाय मोडायची खूण, थ, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी थ च्या मागे न्यायची आणि रफार उचलून त्याच्या पुढे आणायचा. 'स्थिती'त तर वेलांटीला अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडावे लागतात. एकच घर सरकवणारा प्रोग्रॅम लिहिला, तर ती पाय मोडलेल्या स ला जाऊन चिकटते. उच्चाराचा हा क्रम युनिकोडने 'इस्की' या भारतीय मानकाकडून घेतला. छापण्यापुरतं दिसणं पुरतं. शोधायचं, अकारविल्हे लावायचं, यंत्राकडून वाचून घ्यायचं, तर हाच क्रम लागतो. इस्कीवाल्यांचे उपकार आपण कधी मानले नाहीत, ते सोडा.

सगळ्यात चिवट भुताटकी 'ॲ'ची. त्याला स्वतःचं घर मिळालं २००८ मध्ये. तोवर लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत होते, कित्येक अजूनही भागवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. युनिकोडचे एकरूपीकरणाचे ठरलेले नियमही इथे कामाचे नाहीत, कारण त्यांच्या लेखी ही दोन वेगळीच अक्षरं. बाइटांच्या क्रमाने सूची लावली, तर एक 'ॲटलास' अ मध्ये बसतो आणि दुसरा ह च्याही मागे. त्यामुळे फाइल हातावेगळी करण्याआधी ही जोडी शोधून एक करावीच लागते. प्रकाशकाला मात्र आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून दाखवली, तरी काडीचा फरक दिसत नाही. बिलात त्या ओळीसमोर काय लिहायचं, हे मला अजून जमलेलं नाही.