कावेरीकाठी उघड्यावरची रात्र

कुंभकोणम,
सप्टेंबरअखेर

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत तू आणि तुझे दोघे मित्र तंबू घेऊन येणार, तिरुचिरापल्लीला उतरून गाडी भाड्याने घेणार, आणि कुंभकोणमपासून दोन-तीन तासांच्या आत 'जिथे चिटपाखरू नाही' अशी जागा मी हेरून ठेवायची. जागेचं पुढे लिहिते. आधी दिवाळीचं बोलू.

दिवाळीत येऊ नका. तुमच्याकडचा पाऊस परततो तेव्हा आमचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा पाऊस, आणि वादळंही त्याच दिवसांत. २०१८ साली १६ नोव्हेंबरच्या पहाटे 'गजा' वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं आणि नारळाच्या बागाच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. वादळ नसलं तरी त्या दिवसांत इथे सांबा हंगामाचं भात शेतात उभं असतं, वाफे पाण्याने भरलेले असतात आणि बांधावर पाऊल ठेवलं की चिखलात रुततं. तंबू लावायला कोरडी जमीन मिळणार नाही. पोंगल उलटला की कापण्या होतात. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा खरा मोसम. रात्री दव पडतं, अंगावर चादर लागते, आकाश स्वच्छ असतं.

आता जागेचं. डोंबिवलीतून तुला मलंगगडाचे सुळके दिसतात. म्हशावरून देहरी गाठलं की चार तासांत गोरखगडाच्या गुहेत पथारी पसरता येते, बाहेर चाफा, कड्यात कोरलेल्या टाक्यात पाणी. सह्याद्रीने गिर्यारोहकाला छप्पर आणि पाणी तयार ठेवलं आहे, आणि तेही मुंबईच्या उपनगरांपासून एका एसटीच्या अंतरावर. या खोऱ्यात तसं काही नाही. डोंगर नाही, माळ नाही, पडीक जमीन जवळजवळ नाहीच. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बंधारा जवळपास दोन हजार वर्षांचा मानतात, आणि तेव्हापासून कावेरीचं पाणी फाट्याफाट्यांनी प्रत्येक वाफ्यापर्यंत नेलेलं आहे. कुंभकोणम गाव तर कावेरी आणि अरसलार या दोन पात्रांच्या मधोमध वसलेलं. जिथे नजर टाकशील तिथे भात, केळी, नारळ, नाहीतर देऊळ.

गावाच्या वेशीवर एखादी दाट राई दिसते, मातीचे रंगवलेले मोठे घोडे तिच्यात उभे असतात. ती अय्यनारची जागा. तो रात्री घोड्यावर बसून गावाची राखण करतो अशी लोकांची श्रद्धा आहे. आपल्या देवराईत जसा आपण तंबू ठोकणार नाही तसाच तिथेही ठोकायचा नाही, मग सावली कितीही चांगली असो.

नकाशात तुला कोळ्ळिडमचं पात्र दिसलं असणार: रुंद, पांढरी वाळू, मैलोन्‌मैल माणूस नाही. फोटोत ती वाळू फार मोहात पाडते. पण कोळ्ळिडम हा कावेरीचा पूर वाहून नेणारा फाटा आहे. मेट्टूर धरण भरलं की जास्तीचं पाणी मुक्कोंबूच्या बंधाऱ्यावरून कोळ्ळिडममध्ये सोडतात, आणि त्यामागचा पाऊस पडलेला असतो दूर कर्नाटकात. डोक्यावर चांदणं असताना पायाशी पाणी येऊ शकतं. २०१८च्या ऑगस्टमध्ये अशाच पुरात, आर्थर कॉटनने १८३०च्या दशकात बांधलेल्या मुक्कोंबूच्या त्या जुन्या बंधाऱ्याचे दरवाजे वाहून गेले. पात्रात झोपायचं नाही, कोणत्याच महिन्यात नाही. काठावर, उंच बांधाच्या अलीकडे, जागा मिळाली तर बघू.

रानच हवं असेल तर कोडिक्करै. तिरुवारूर, तिरुतुरैपूंडि, वेदारण्यम अशी वाट, सव्वाशे किलोमीटरांच्या आत. रस्ता संपतो तिथे समुद्र. अभयारण्य १९६७ सालचं, २००२पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत. कोरड्या सदाहरित रानात काळवीट आणि चितळ, रानटी झालेली घोडी, आणि थंडीत खाजणात रोहित पक्ष्यांचे थवे. एकदा संध्याकाळी आम्ही गवताळ पट्ट्याच्या कडेला उभे होतो. पंधराएक माद्या चरत होत्या आणि एक काळवीट नर मान मागे टाकून, शिंगं पाठीला लावून त्यांच्याभोवती ताठ पावलांनी चालत होता. वाऱ्याची दिशा बदलली, एकीने मान वर केली, आणि सगळा कळप उड्या घेत दिसेनासा झाला. रेहेकुरीला तू काळवीट पाहिला असशील. इथे त्याच्यामागे मिठागरं आणि समुद्र असतो. पण अंधार पडल्यावर रानात थांबायचं नाही. वनखात्याचं विश्रामगृह आहे, 'पूनारै इल्लम' नावाचं. आधी आरक्षण करून तिथे राहायचं आणि उजाडताना वाटाड्याबरोबर निघायचं. तुला तंबू हवा आहे हे मला कळतं. पण त्या पट्ट्यात रात्र ही त्या जनावरांची आहे, आणि एवढ्याशा रानात आपण मध्ये पडलो तर त्यांना जायला दुसरी जागा नाही.

डोंगर हवेत तर तुरैयूरकडून पच्चमलै, आणि त्याच्या पलीकडे कोल्लीमलै, सत्तर वळणांचा घाट, वर फणस, मिरी, कॉफी आणि आगायगंगै धबधबा. दोन्हीकडे जाऊन यायला एक दिवस पुरत नाही. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणं इथे १८८२च्या वनकायद्यापासून गुन्हा आहे, आणि २०१८नंतर नियम आणखी कडक झाले. त्या वर्षी ११ मार्चला तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर वाळलेल्या गवतात वणवा लागला आणि ट्रेकला गेलेली वीसहून अधिक माणसं गेली, बरीचशी तुझ्या वयाची. आता राज्य सरकारच २०२४पासून ठरावीक चाळीस वाटांवर नोंदणी करून, तिथल्याच आदिवासी वाटाड्यांबरोबर लोकांना नेतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी वणव्याच्या भीतीने वाटा बंद असतात. 'सरकारने सगळं अडवलंय' असं तुझे मित्र म्हणतील. मला ते पटत नाही. कुरंगणीनंतर तसं करायलाच हवं होतं.

तेव्हा तुमच्या मनातली, कुणाची नसलेली जागा इथे नाही. पण उघड्यावर रात्र काढणारे लोक या खोऱ्यात आहेत, आणि तुम्ही त्यांच्याकडून शिकावं असं मला मनापासून वाटतं.

कापण्या आटोपल्या की रामनाथपुरम, शिवगंगै या कोरड्या जिल्ह्यांतून मेंढपाळ आपले कळप घेऊन चालत इकडे येतात. रिकाम्या शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत आणि मूत जमिनीत मुरू द्यायचं, आणि त्याबद्दल शेतकऱ्याकडून ठरलेलं घ्यायचं. याला इथे 'किडै' म्हणतात. आपल्याकडे फलटण-माणचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जातात आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात, अगदी तसंच. जूनमध्ये मेट्टूरचं पाणी सुटायच्या सुमाराला हे लोक परत फिरतात.

अणैकरैच्या अलीकडे ओळखीच्या एका कुटुंबाचं शेत आहे. तिथे किडै बसली होती तेव्हा आम्ही त्यांच्या खळ्यावर रात्र काढली. संध्याकाळी दोन मेंढपाळ शेतात आले. एकाने सबंध तुकडा पायाने चालून पाहिला, कुठे ओल आहे, कुठे भेग आहे. पेंढ्याच्या गंजीपासून त्याने मुद्दाम अंतर ठेवलं, कारण गंजीत उंदीर आणि उंदरांमागे साप. मग खुंट्या ठोकून जाळं ताणलं, मेंढ्या आत घेतल्या, आणि नुकती जन्मलेली कोकरं बांबूच्या विणलेल्या, पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपल्यांखाली ठेवली, रात्री पायाखाली येऊ नयेत म्हणून. तीन विटांवर भात शिजला. थोडा खाल्ला, उरलेल्यात पाणी घालून झाकून ठेवला. सकाळी तोच छोटा कांदा आणि हिरवी मिरची लावून. झोपताना दोघे समोरासमोरच्या कोपऱ्यांत गेले. एक गोणपाट, एक घोंगडी, एक बॅटरी, एक काठी. रात्रीतून कुत्रं भुंकलं की दोघांपैकी एक उठून जाळ्याभोवती फेरी मारी. दुसऱ्या संध्याकाळी किडै शेजारच्या तुकड्यात सरकली, आणि आदल्या जागेवर लेंड्यांखेरीज काही उरलं नाही.

तुमच्या पाठीवरच्या पिशवीत जे काही असेल ते यांच्याकडे नव्हतं. पण जागा निवडणं, कमी सामानात भागवणं, सकाळी आपली खूण न ठेवणं, हे सगळं त्यांना अंगवळणी पडलेलं होतं. आणि त्यांनी मालकाला विचारलेलं होतं. या खोऱ्यात उघड्यावरची रात्र अशीच मिळते, विचारून.

ज्यांना आसरा द्यायला मनाई होती त्यांचीही आठवण या रस्त्यावर आहे. १३ एप्रिल १९३० रोजी राजाजी शंभरएक सत्याग्रही घेऊन तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमला मिठासाठी चालत निघाले, ते आमच्या कुंभकोणमवरूनच गेले. यांना जेवण किंवा आसरा देईल त्याला तुरुंग, असं तंजावरचे कलेक्टर थॉर्न यांनी बजावलं होतं. लोकांनी जेवणाच्या पुड्या रस्त्याकडेच्या झाडांना बांधून ठेवल्या. कुंभकोणमात पंतुलु अय्यर यांनी उघडपणे घरी नेऊन जेवू घातलं आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. ३० एप्रिलला वेदारण्यमला मीठ उचललं गेलं. याच मुलखात यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसले राजांनी छत्रं बांधली होती. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजींचं. कोडिक्करैला जाताना वाट वाकडी करून ते बघा. वाटसरूला रात्री जागा द्यायची रीत या मातीत फार जुनी आहे.

तर माझा बेत असा. दोन रात्री त्या खळ्यावर, एक रात्र कोडिक्करैच्या विश्रामगृहात. खळ्यावरची व्यवस्था सगळी तुमची तुम्ही करायची, मी फक्त शब्द टाकते.

तंबू तळ शिवलेला आणि चेन नीट लागणारा आणा. इथे मण्यार आहे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंश दुखत नाही म्हणून कित्येकदा कळतही नाही. बांधांवर घोणस असते. अंधारात बॅटरीवाचून एक पाऊलही टाकू नका, बूट झटकून घाला. काही झालंच तर बांधाबांध, कापाकाप न करता थेट सरकारी दवाखाना. प्रतिविष तिथे मिळतं. नारळाखाली तंबू नको, वरून झावळी पडली तरी पुरे. चूल पेटवायची नाही, कापलेलं शेत आणि गंजी बाजूलाच असते. मेंढपाळांना तिथली हवा कळते, तुम्हाला नाही. स्टोव्ह माझ्याकडचा घ्या, गॅसची डबी विमानातही चालत नाही आणि रेल्वेतही. पाण्याचा वीस लिटरचा कॅन गाडीत राहील. शौचाला कालव्यापासून लांब, वीतभर खड्डा खणून, माती लोटून. त्या कालव्यावर सकाळी बायका आंघोळीला येतात. मोठ्याने गाणी नकोत. मेंढ्या बुजल्या तर जाळं तोडतात आणि त्या माणसांची रात्र वाया जाते.

आईला सांग की खळं घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे ती अडवणार नाही. आणि तिला हे खरं सांगतोयस, कारण ते तसंच आहे.

पोंगलनंतरची कुठली तारीख जमते ते या आठवड्यात कळव. विश्रामगृहाचं आरक्षण लवकर करावं लागतं, आणि शेतमालकांना मला स्वतः जाऊन विचारायचं आहे.

तुझी,
ताई