चार नावांची लेप्टोनिका

अनुभव स्वतःचाच आहे, पण फजिती सांगायला तृतीयपुरुष बरा पडतो. तेव्हा इथे जो कोणी भेटेल तो ‘प्रस्तुत लेखक’.

२०१८ चा डिसेंबर. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं गिरड. कापूस वेचणीचे दिवस, ओसरीवर कापसाचा ढीग आणि ढिगाशेजारी उबुंटू १६.०४ चा जुना लॅपटॉप, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कसाबसा तगलेला. आजोबांच्या ट्रंकेत एका शेतकी मासिकाचे सुटे अंक निघाले होते. पानं हात लावला की तुटत होती. मोबाईलनं फोटो काढून ठेवले, पण फोटोत शब्द शोधता येत नाही. छापील अक्षर ओळखून त्याचा मजकूर करून देणारा टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम तेव्हा नुकताच ताजा झाला होता. १९८५ ते १९९४ या काळात एचपीत घडलेला, २००५ मध्ये खुला झालेला आणि पुढे गूगलनं सांभाळलेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याची ४.० आवृत्ती आली आणि अक्षरं ओळखायला न्यूरल नेटवर्क वापरू लागली. उबुंटू १६.०४ च्या भांडारात मात्र ३.०४ च होती. अख्खी यंत्रणाच नवी टाकावी, तर दिवसाला मिळणारा दीड जीबी डेटा आडवा येत होता. राहिला एकच मार्ग: सोर्स उतरवून घ्या आणि घरीच बांधा.

पहिल्या पायरीलाच ठेच. बांधणीची तयारी करणारं ऑटोजेन चाललं, मग लागणारं सामान मशीनवर आहे का ते तपासणारं कॉन्फिगर चालवलं, तर ते चार हजारांच्या पुढच्या कुठल्याशा ओळीवर अडलं. म्हणे, व्याकरणाची चूक, ‘मायनस एमएव्हीएक्स’ हे अनपेक्षित. लेखकानं ती ओळ उघडून पाहिली, स्वल्पविराम मोजले, सोर्स पुन्हा उतरवला. चूक ओळीत नव्हतीच. कॉन्फिगरची स्क्रिप्ट तयार होताना काही तयार मॅक्रो लागतात, ते ‘ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह’ नावाच्या पॅकेजात असतात. पॅकेज नसलं की मॅक्रो उलगडत नाही, तसाच कच्चा स्क्रिप्टमध्ये उतरतो आणि शेल त्यावर अडखळतं. म्हणजे जी वस्तू नाही, तिचं नाव संदेशात कुठेच नाही. अर्धा दिवस यात गेला.

“काहून रे, सकाळपासून काळ्यावर पांढरंच चाललं का?” आई विचारून गेली. काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांचं इतकं नेमकं वर्णन कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

दुसरा संदेश त्या मानानं सज्जन होता. लेप्टोनिका १.७४ किंवा त्यावरची लागेल, लिबलेप्टोनिका-डेव्ह हे पॅकेज टाकून बघा. लेप्टोनिका म्हणजे चित्र उघडणं, सरळ करणं, काळं-पांढरं करणं ही कामं करणारी लायब्ररी, डॅन ब्लूमबर्ग यांनी लिहिलेली. सांगितल्याप्रमाणे पॅकेज टाकलं. कॉन्फिगर पुन्हा चालवलं. पुन्हा तोच संदेश, अक्षरही इकडचं तिकडे नाही. लेखकानं पॅकेज काढून परत टाकलं, मशीन बंद करून सुरू केलं, मग चहा घेतला. शेवटी तोच संदेश सावकाश वाचला तेव्हा त्यातल्या आकड्याकडे लक्ष गेलं. भांडारातली लेप्टोनिका १.७३ होती. संदेश पॅकेज सुचवतो, पण त्या पॅकेजात कुठली आवृत्ती भरली आहे, ते त्याला कुठून ठाऊक असणार!

म्हणून लेप्टोनिकाही सोर्समधून बांधणं आलं. आणि तिथे कळलं की या एका वस्तूला नावं चार. प्रकल्पाचं नाव लेप्टोनिका. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजाचं नाव लिबलेप्टोनिका-डेव्ह. लिंकर आणि पीकेजी-कॉन्फिग तिला तेव्हा नुसतं ‘लेप्ट’ म्हणत. आणि कंपायलर रागावतो तेव्हा म्हणतो, ‘ऑलहेडर्स डॉट एच’ सापडत नाही. ही शेवटची तक्रार ऐकून लेप्टोनिकाची आठवण कुणाला यावी? गावात ज्याला सगळे बाल्या म्हणतात, त्याचं सातबाऱ्यावरचं नाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावरचं वेगळं आणि बँकेच्या पासबुकात तिसरंच स्पेलिंग. काम अडतं ते माणूस नसतो म्हणून नाही, नावं जुळत नाहीत म्हणून.

गिरडला या गोष्टीचं नवल वाटायचं कारण नाही. बाबा फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. बाबांची चेष्टा करणाऱ्या दोन बंजारा व्यापाऱ्यांचा नारळ वगैरे माल त्यांनी दगड करून टाकला, अशी कथा हिंदू-मुसलमान सगळेच सांगतात. भूगर्भवाला त्याच दगडाला झिओलाइट म्हणतो. लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांमध्ये साचून घट्ट झालेलं खनिज. हातात दगड तोच. विचारायचं कुणाला, त्यावर नाव ठरतं.

नाव जुळवायलाही साधन आहे. ‘एपीटी-फाइल’ला ‘ऑलहेडर्स डॉट एच’सारख्या हेडर फाइलचं नाव द्या, ती फाइल कुठल्या पॅकेजात आहे ते सांगतं. फेडोरावर पॅकेजाच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’च्या जागी ‘डेव्हेल’ येतं. नवख्याला न पटणारी गोष्ट अशी, की जेपेगसारखी लायब्ररी मशीनवर असते, फोटो तिच्याच जोरावर दिसत असतात आणि तरी कंपायलर ‘नाही’ म्हणतो. कारण चालवायला लागणारा भाग एका पॅकेजात आणि बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या ‘डेव्ह’ पॅकेजात. सामान्य माणसाच्या डिस्कवर हेडरचा भार कशाला, हा त्यामागचा हिशेब. हिशेब रास्त आहे, पण गिरडच्या ओसरीवर बसून तो रास्त वाटायला वेळ लागतो.

लेप्टोनिका बांधली. मग टेसरॅक्टचं कॉन्फिगर तक्रार न करता पार पडलं. मेक चालू केलं, पाऊण तास पंखा घरघरत होता, मध्ये वीज गेली तेव्हा बॅटरीनं लाज राखली. प्रोग्रॅम चालवला तर म्हणे, ‘लिबटेसरॅक्ट डॉट एसओ डॉट फोर’ उघडता येत नाही. ते पाचच मिनिटांचं काम निघालं: नवी लायब्ररी कुठे ठेवली याची नोंद व्हायला ‘एलडीकॉन्फिग’ चालवायचं. मग मराठीची ‘एमएआर’ नावाची प्रशिक्षित फाइल आणून टेसडेटाच्या फोल्डरात ठेवली. आता शेतकी मासिकाचा फोटो दिला.

उत्तर आलं: जेपेग वाचायचं फंक्शन हजर नाही.

ही खरी गोम. ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह नव्हतं तेव्हा निदान आरडाओरडा झाला होता. लेप्टोनिकाला जेपेग, पीएनजी, टिफ यांच्या डेव्ह फाइली मिळाल्या नाहीत, तर ती रडत नाही. तेवढे अवयव गाळून गुपचूप बांधली जाते आणि सगळं ठीक म्हणते. कॉन्फिगरनं ‘जेपेग... नो’ अशी ओळ छापली होतीच, पण वर सरकत गेलेल्या शेकडो ओळींत ती कोण वाचतो? न अडवणारी उणीव अडवणारीपेक्षा महाग पडते, हे लेखकाचं मत त्या संध्याकाळी बनलं.

आणि त्याच संध्याकाळी ‘बिल्ड-डेप’ सापडलं. डेबियनच्या प्रत्येक सोर्स पॅकेजात ‘कंट्रोल’ नावाची फाइल असते, तिच्यात ‘बिल्ड-डिपेंड्स’ या शब्दापुढे बांधणीला लागणाऱ्या सगळ्या सामानाची यादी असते. पॅकेजं आणून देणाऱ्या एपीटीला ‘बिल्ड-डेप लिबलेप्टोनिका-डेव्ह’ म्हटलं की ती यादी वाचून सगळं एकदम आणतं. आवृत्ती जुनी असली तरी चित्रांच्या लायब्ररींची यादी फारशी बदललेली नसते. आधी एपीटीनंही नकार दिला, कारण सोर्सेस डॉट लिस्टमधल्या ‘डेब-एसआरसी’ या ओळींपुढे उबुंटू १६.०४ मुळातच हॅशची खूण घालून देत होतं. ती खोडली, अपडेट केलं आणि जे दोन दिवस एकेक करून हुडकायचं चाललं होतं ते एका हुकमात आलं. लेप्टोनिका नव्यानं बांधली. टेसरॅक्टला हात लावावा लागला नाही, कारण लायब्ररी सामायिक.

रात्री साडेदहाला पहिलं पान मजकुरात उतरलं. दुसऱ्या दिवशी छापून आणलं. आईनं चष्मा लावला, बोट फिरवत वाचलं आणि पेन मागितलं.

“हे काय लिहिलं? शेतकयांनी?”

‘ऱ्या’मधली ती छोटी शेपटी पानभर कुठेही उतरली नव्हती. एका पानात ‘शेतकऱ्यां’ची रूपं सात वेळा आली होती. सातही ठिकाणी आईनं शेपटी काढली आणि कागद कापसाच्या ढिगाजवळ वजन ठेवून दिला, वजनाला टेकडीवरचा एक गोल दगड.