कपाळाबरोबर मनगटही पाहा

ताप आला की आपल्या घरांत पहिला हात कपाळावर जातो. आम्ही आता दुसरा हात मनगटावर ठेवतो.

शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की नाडीचे मिनिटाला साधारण दहा ठोके वाढतात. आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, म्हणून हृदय जोरात धावते. ताप उतरला की बहुधा नाडीही उतरते. पण ठोके वेगवान असणे वेगळे आणि वेडेवाकडे पडणे वेगळे.

हा फरक आम्हाला २०१९च्या रमजानमध्ये कळला. मे महिना होता. घाटकोपरला आमच्या पत्र्याच्या खोलीत रात्रीसुद्धा भिंती गरम असत आणि दमट हवेत घाम वाळत नसे. सत्तरीच्या अम्मींना ताप होता, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू होती. नाडी कधी दोन ठोके पटापट, कधी एक गायब. डॉक्टरांनी ईसीजी काढला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत होते. रक्तात पोटॅशियमही कमी निघाले. घाम आणि गोळी यांमुळे क्षार घटले की हृदयाचे ठोके चालवणारी विजेची लय बिघडू शकते, असे त्यांनी समजावले.

अम्मींना आजारापेक्षा रोजा सुटण्याचे दुःख मोठे होते. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "अम्मी, आजाऱ्याला नंतर रोजे पुरे करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?" त्या गप्प राहिल्या, मग पाण्याचा पेला हातात घेतला. राहिलेले रोजे त्यांनी डॉक्टरांना विचारून डिसेंबरच्या लहान, थंड दिवसांत पुरे केले.

१६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण गेले. उन्हाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

घरात कुणी वयस्क किंवा हृदयाचे रुग्ण असतील, तर तापात आणि उकाड्यात अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. लय चुकत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत भोवळ, छातीत दुखणे, दम लागणे किंवा असंबद्ध बोलणे असेल, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच इस्पितळ गाठा. आणि चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.