देवदाराची ओळख

वीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. मराठीच्या तासाला कालिदास या ना त्या निमित्ताने डोकावतोच. 'रघुवंशा'च्या दुसऱ्या सर्गातला देवदार, शंकराने पुत्र मानलेला, हत्तीने अंग घासून साल सोलली तेव्हा पार्वतीने ज्याच्यासाठी शोक केला तो, मी दरवर्षी रंगवून सांगतो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, देवदार दिसतो कसा?"

"आपल्या कोकणातल्या सुरूसारखा!" मी बेधडक सांगून मोकळा झालो.

यंदा मे महिन्यात सहकुटुंब मनालीला गेलो. मंडीच्या आसपास दिसेल त्या झाडाला मी 'देवदार, देवदार' म्हणत होतो. आमच्या गाडीवानाने बराच वेळ सोसले. शेवटी गाडी थांबवून त्याने खाली पडलेला एक झुबका सौ.च्या हाती दिला. "गिनो, बहनजी."

सुया तीन. वीतभर लांब. हा चीड. पुढे हवा गारठली तेव्हा झुबक्यात पाच सुया निघाल्या आणि फळे काकडीसारखी लांबट, लोंबती. हा कैल.

"अहो, मग तुमचा देवदार कुठे?" सौ.ने विचारले.

तो भेटला हिडिंबेच्या देवळाभोवती. देऊळ १५५३ सालचे, लाकडी. पण मी वर पाहत राहिलो. आडव्या फांद्या मजल्यामजल्यांनी पसरलेल्या, टोके किंचित झुकलेली. आखूड सुयांचे गुच्छ डहाळीवर चांदण्यांसारखे. फळे फांदीवर उभी बसतात आणि तिथेच सुटी होतात. शेंडा तेवढा लाकडी गुलाबासारखा खाली पडतो. खरखरीत सालीवर मी हात ठेवला. सुरूची आठवणही झाली नाही!

आणखी वर राई आणि तोस. सुई चिमटीत फिरवावी : राईची चौधारी, ती गरगर फिरते, तोसाची चपटी, ती अडते. आमच्या कन्येने लगेच माझी परीक्षा घेतली. पाचांत तीन गुण.

परतल्यावर वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याकडून कळले, की सुरू या कुळातलाच नव्हे. त्याच्या 'सुया' म्हणजे बारीक डहाळ्या, आणि त्याला चक्क फुले येतात.

तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी आता नागपुरात शिक्षक आहे. माझेच उत्तर तो वर्गात सांगत असणार. कालच त्याला सविस्तर पत्र लिहिले आणि पाकिटात देवदाराची डहाळी घातली. नागपूरला पोचेपर्यंत सुया गळल्या नाहीत म्हणजे मिळवली.